गिअर ब्लँक, खोके आणि ६५ चा बार: ग्रीन सप्लाय चेन प्रकल्पाच्या नोंदी (चाकण–भोसरी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५)

७ एप्रिल, सोमवार
आमच्या चाकणच्या गिअर प्लँटचा ग्रीन सप्लाय चेन प्रकल्प, म्हणजे वेंडरकडून येणाऱ्या मालामागचा कार्बन मोजून कमी करायचं काम, आज अधिकृतपणे माझ्याकडे आला. कस्टमरकडून २ प्रश्नावल्या येऊन पडल्यात, एक इथल्या लिस्टेड कंपनीची आणि एक जर्मनीची, दोघांनाही आमच्या मालामागे किती कार्बन आहे ते हवंय. इथल्या कंपनीचं कारण बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा वार्षिक रिपोर्ट. सेबीने २०२२-२३ पासून टॉप १००० लिस्टेड कंपन्यांना तो रिपोर्ट सक्तीचा केलाय, व्हॅल्यू चेनचा (पुरवठादार-ग्राहकांच्या माहितीचा) भाग मात्र आत्ता मार्चमध्ये ऐच्छिक केला, तरी कस्टमरने प्रश्नावली मागे घेतलेली नाही. जर्मनीवाल्यांच्या बाबतीत आमच्या सेल्सच्या लोकांनी सीबॅम सीबॅम करून ऑफिसभर घबराट केली होती म्हणून आधी ते शांतपणे वाचून काढलं. सीबॅम म्हणजे युरोपात येणाऱ्या ठरावीक मालावर त्याच्या कार्बनप्रमाणे लागणारा कर. त्याचा संक्रमण काळ १ ऑक्टोबर २०२३ पासून चालू आहे आणि खरा पैसे लागायचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. आमचे गिअर कस्टम्सच्या ८४८३ हेडिंगखाली जातात, ते त्या यादीत नाहीत. पण आपण जे नट-बोल्ट वेगळ्या इनव्हॉइसवर स्पेअर म्हणून पाठवतो ते ७३१८ मध्ये येतात आणि ७३१८ यादीत आहे. म्हणजे गिअरची भीती नको, बोल्टची तयारी हवी. हे सेल्सला मेल केलं.

आमच्या स्वतःच्या प्लँटचं गणित सोपं आहे, डिझेल आणि लाइट बिल. अवघड आहे स्कोप ३, म्हणजे आपल्या प्लँटबाहेर, पुरवठादारांकडे आणि वाहतुकीत होणारा कार्बन. जीएचजी प्रोटोकॉलमध्ये (कार्बन मोजायची जागतिक पद्धत) त्याच्या १५ कॅटेगरी आहेत, मी सध्या दोनच धरणार, विकत घेतलेला माल आणि येणारी वाहतूक. भोसरी आणि तळवडे मिळून ६ वेंडर.

१५ एप्रिल, मंगळवार
भोसरीच्या टर्निंगवाल्या काकांकडे गेले. आमचा सगळ्यात जास्त चालणारा गिअर ब्लँक (दाते कापायच्या आधीचा गोल तुकडा) तेच करतात, महिन्याला ९००० पीस. गाळा छोटा, ४ सीएनसी लेथ, एक बँडसॉ (पट्ट्याची करवत), पोटमाळ्यावर ऑफिस. मी प्रश्नावली काढली तसे त्यांचे डोळेच थकल्यासारखे झाले, म्हणाले मॅडम हे मागच्या वर्षी पण एका कंपनीने पाठवलं होतं, भाच्याकडून भरून घेतलं, पुढे कोणी विचारलं नाही. ती मी परत पिशवीत ठेवली आणि म्हटलं काका मशीन दाखवा.

दीड तास उभी होते तिथे. बार बँडसॉवर कापतात, ५८ मिमी लांबीचा तुकडा, मग चकमध्ये (लेथच्या पकडीत). पहिले २ पास नुसते कातडं काढायला, निळी जाड चिप ढीगभर पडते. काका म्हणाले तुमच्या ड्रॉइंगवर ६५ चा (मिमी व्यासाचा) बार लिहिलाय, फिनिश ५७, एवढं कशाला लागतं? मी वहीत लिहून घेतलं पण तेव्हा माझं डोकं खोक्यांवर होतं, दारात नव्या कोऱ्या खोक्यांची चळत छतापर्यंत होती.

२४ एप्रिल, गुरुवार
गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून मुद्दाम आजच काकांच्या कंप्रेसरची लीकेज टेस्ट केली. सगळ्या मशीन बंद, हवा कोणी वापरत नाही, तरी कंप्रेसर लोड होतो म्हणजे ती हवा गळतेच आहे. स्टॉपवॉच लावून १० सायकल बघितल्या, सरासरी ५० सेकंद लोड (हवा भरतो), ११० सेकंद अनलोड (नुसता फिरतो). ५० भागिले १६०, म्हणजे ३१ टक्के हवा नुसती गळतीत. काका, त्यांचा मुलगा आणि मी, तिघं साबणाचं पाणी आणि जुना ब्रश घेऊन पाइपलाइनवर फिरलो. बुडबुडे बघायला मजा येते पण प्रत्येक बुडबुडा म्हणजे लाइट बिल. सगळ्यात मोठा चोर निघाला एअर गनचं क्विक कपलिंग, त्याच्या आतला रबर कडक झाला होता. ४ कपलिंग बदलली, ३ जॉइंटना टेफ्लॉन, आणि एक जुनी लाइन जी कुठेच जात नव्हती तिला डमी प्लग. परत टेस्ट, २० सेकंद लोड, १६० सेकंद अनलोड. ११ टक्के.

खर्च दीड हजाराच्या आत. ह्यापुढे कुठल्याही वेंडरकडे प्रश्नावली आधी नेणार नाही, साबणाचं पाणी आधी.

६ मे, मंगळवार
खोके. एका खोक्यात २४ पीस, म्हणजे महिन्याला ह्या एका पार्टचे ३७५ खोके, एकेक साडेसहाशे ग्रॅमचा, अडीचशे किलोच्या जवळपास पुठ्ठा. आमच्याकडे आला की पट्टी कापली, माल काढला, खोका भंगारात. एकदाच वापर. पूर्वी आमचा पुठ्ठा कुदळवाडीच्या भंगारवाल्याकडे जायचा, फेब्रुवारीत महापालिकेने तिथली गोदामं पाडल्यापासून तो माणूस कुठे गेला माहीत नाही आणि स्टोअरमागे पुठ्ठ्याचा डोंगर झालाय.

प्लॅस्टिकच्या परत जाणाऱ्या बिनचं गणित असं मांडलं. रोज ३६० पीस, बिनमध्ये १६ पीस, म्हणजे रोज साधारण २३ बिन. एक बिन फिरून परत यायला ७ दिवस धरले, काकांकडे २, आमच्या स्टोअरला २, लाइनवर १, परतीला १, आणि १ दिवस हाताशी. २३ गुणिले ७ म्हणजे १६१, वर १० टक्के, १८० बिन. २४ ऐवजी १६ च पीस का ते लिहून ठेवते कारण उद्या कोणीतरी विचारेल. ब्लँकचं वजन ८६० ग्रॅम, २४ पीस म्हणजे २० किलोच्या वर. काकांच्याकडे पॅकिंगला २ ताई आहेत, दिवसभर वाकून खोके उचलतात, एकीच्या कमरेला पट्टा आहे. १६ पीस आणि बिन मिळून साडेपंधरा किलो होतात. पर्यावरणाचा प्रकल्प करायचा आणि उचलणाऱ्याची कंबर मोडायची हे मला चालणार नाही.

२० मे, मंगळवार
परचेसबरोबर मीटिंग, चांगलीच तापली. खोक्याचे ४२ रुपये पार्टच्या रेटमध्ये धरलेले होते, पीसमागे पावणेदोन रुपये. परचेसचं म्हणणं बिन आपण देतोय तर पावणेदोन पूर्ण कापा, पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं बिन धुणार कोण, पुसणार कोण, मोजून परत भरणार कोण? काकाच ना. शेवटी एक रुपया कापायचा आणि ७५ पैसे काकांकडे ठेवायचे असं ठरलं. बिन जाताना-येताना डिलिव्हरी चलनवर, परत करण्याच्या बोलीवर, प्रत्येक बिनला नंबर पेंट करून.

वाहतुकीचं पण ह्याच मीटिंगमध्ये मांडलं. ६ वेंडर, सहाही जण रोज आपापला छोटा हत्ती चाकणला पाठवतात, बऱ्याचदा अर्धा रिकामा. जाऊन येऊन सरासरी ४० किमी धरलं तरी रोज २४० किमी. त्याऐवजी आमची एक पिकअप सकाळी तळवड्यातून सुरू करून भोसरी, मोशी, चाकण असा फेरा मारेल, ७८ किमी, जाताना रिकामे बिन आणि येताना माल. दूधवाला जसा एका फेरीत सगळी घरं करतो तसं, म्हणून तर मिल्क रन म्हणतात.

२ जून, सोमवार
बिन आणि मिल्क रन दोन्ही आजपासून. ह्या वर्षी पाऊस २६ मेलाच पुण्यात आला, आमचा प्लॅन होता पावसाआधी पंधरा दिवस कोरड्यात चालवून बघायचं, ते राहिलं. पहिल्या दिवशी ड्रायव्हर भोसरीत एक तास थांबला कारण दोन वेंडरचा माल तयारच नव्हता. वेळ फळ्यावर लिहून दिली आहे, सव्वाआठ, नऊ, पावणेदहा, आणि दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही, राहिला तर राहिला, उद्या.

११ जून, बुधवार
गंज. ४ बिनमधले ६४ पीस गंजामुळे अडकले. सकाळी इनवर्डच्या क्वालिटीवाल्याचा फोन आला तेव्हा पोटात गोळा आला, कारण खोके बंद करा म्हणणारी मीच.

उभं राहून एकेक बिन बघितलं. वरच्या थरातले पीस चांगले, सगळ्यात खालच्या थरातल्या पिसांना तळाशी चंद्रकोरीसारखा तांबडा पट्टा. म्हणजे पाणी वरून पडून वाहून गेलं नाही, तळाला साचलं आणि पीस त्यात बसून राहिले. पिकअपला ताडपत्री होती पण बिनला झाकण नव्हतं, आणि रिकामे बिन काकांच्या दाराबाहेर उघडे ठेवले होते रात्रभर. धुवून पुसले म्हणतात पण कोपऱ्यात पाणी राहतंच. शिवाय पूर्वी खोक्यात व्हीसीआयची (गंज रोखणारी) प्लॅस्टिक पिशवी असायची, मी बिनबरोबर ती पण बंद केली होती, प्लॅस्टिक वाचेल म्हणून. ती चूक माझी. आणखी एक गोष्ट दिसली, दोन पिसांवर अगदी बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज होता, रेषा मोजता येतील इतका स्पष्ट. घामाचा हात.

केलेले बदल: बिनच्या तळाला चारही कोपऱ्यांत ८ मिमीची भोकं, झाकणं, रिकामे बिन नेहमी उलटे रचायचे, ब्लँक पॅकिंगआधी पाणी सोडवणाऱ्या रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेलात बुडवून जाळीवर निथळायचे, पॅकिंगच्या ताईंना हातमोजे. व्हीसीआय पिशवी परत आणली पण जाड, आणि ती पण बिनबरोबर फिरणार, फाटेपर्यंत. ६४ पैकी ५१ पीस चांगले किंवा पुढच्या मशीनिंगमध्ये गंज निघण्यासारखे होते, १३ गेले. त्या १३ चं डेबिट काकांवर टाकू दिलं नाही.

१७ जून, मंगळवार
उद्या देहूतून तुकोबांची पालखी निघते, परवा आळंदीतून माउलींची. देहू, निगडी, आकुर्डी, आळंदी रोड, भोसरी फाटा, दिघी, सगळीकडे रस्ते वळवणार. आमचा मिल्क रन बरोबर ह्याच भागातला. आज दोन फेऱ्या मारून २ दिवसांचा माल आधीच आणला, ड्रायव्हरला शुक्रवारपर्यंत सुट्टी दिली कारण तो दरवर्षी पुण्यापर्यंत चालत जातो. हाताशी ठेवलेला एक दिवसाचा बिनचा साठा पुरला नाही, जुने खोके वापरावे लागले. पुढच्या वर्षीसाठी: पालखीच्या आठवड्याला २० बिन जास्त.

८ जुलै, मंगळवार
माझी एक कल्पना होती की पिकअप जातेच आहे तर वेंडरकडचं वापरलेलं तेल आणि खराब कूलंट पण आपल्याकडे आणावं, मोठ्या कंपनीच्या मार्फत नीट विल्हेवाट लागेल. आमच्या ईएचएसच्या (पर्यावरण आणि सुरक्षा विभागाच्या) सरांनी जागेवर थांबवलं आणि बरं झालं. २०१६ च्या घातक कचरा नियमांप्रमाणे वापरलेलं तेल शेड्यूल १ मध्ये ५.१ ला येतं, ते ज्याच्याकडे तयार होतं त्याचीच जबाबदारी, वाहतूक फक्त परवानगी असलेल्या गाडीतून आणि फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचऱ्याच्या वाहतुकीचा कागद) बरोबर हवं. आपल्या पिकअपमध्ये एक ड्रम जरी टाकला तरी नियमभंग. ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता पण येत नाही.

मग दुसरा मार्ग काढला. सहापैकी चौघांना एकत्र करून एकाच रजिस्टर्ड रिसायकलरबरोबर ठरवलं, त्याची गाडी दर दोन महिन्यांनी एकाच दिवशी चौघांकडे येईल, प्रत्येकाचं मॅनिफेस्ट वेगळं. एकेकट्याकडे अर्धा ड्रम असतो म्हणून कोणी यायला तयार नव्हतं, चौघांचं मिळून गाडीचं भाडं सुटतं. तेलकट चिंध्या आणि गाळ रांजणगावच्या कॉमन फॅसिलिटीला जाणार, त्याची मेंबरशिप दोघांकडे आहे, बाकीच्यांचे अर्ज भरायला मी बसणार आहे.

एका वेंडरकडे (नाव लिहीत नाही) कूलंट मागच्या गटारात सोडलेलं मी स्वतः बघितलं. पांढरं दुधासारखं पाणी नाल्याकडे जात होतं, आणि हे सगळे नाले शेवटी इंद्रायणी नाहीतर पवनेलाच मिळतात. भांडले नाही. त्याला रिफ्रॅक्टोमीटर (कूलंटचं प्रमाण मोजायचं यंत्र) दिला आणि टाकीवर तरंगणारं तेल रोज काढायचं दाखवलं, कूलंट दर महिन्याला न बदलता तीन-चार महिने टिकतं. सप्टेंबरमध्ये न सांगता परत जाणार, आणि तेव्हा जर तेच दिसलं तर त्याचं नाव यादीतून काढा असं मी लेखी देईन.

२२ जुलै, मंगळवार
आज पहिल्यांदा सगळे आकडे एका शीटमध्ये आले आणि मी अर्धा तास नुसती बघत बसले.

मिल्क रन: आधी २४० किमी, छोट्या हत्तीला १५ चं ॲव्हरेज धरलं तर १६ लिटर. आता ७८ किमी, पिकअपला १२ धरलं तर साडेसहा लिटर. रोज साडेनऊ लिटर वाचलं, महिन्याचे २५ दिवस, २३७ लिटर. लिटरमागे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे महिन्याला ६३५ किलो. छान वाटलं.

मग स्टील. बारचं वजन काढायचं कारखान्यातलं सूत्र, डायाचा (मिमीमधल्या व्यासाचा) वर्ग भागिले १६२, किलो पर मीटर. ६५ चा बार, ४२२५ भागिले १६२, २६.०८ किलो. ५८ मिमीचा तुकडा १.५१३ किलो. फिनिश ब्लँक ८६० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक पिसामागे साडेसहाशे ग्रॅम चिप. आणि भारतात एक टन स्टील बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन जातो, स्टील मंत्रालयाने १२ डिसेंबर २०२४ ला ग्रीन स्टीलची जी व्याख्या काढली त्यात सुद्धा २.२ टनांच्या खाली असेल तरच ग्रीन म्हणायचं. ९००० पीस, साडेतेरा टन बार महिन्याला, त्याचे ३४ टन कार्बन. एका पार्टचे! आमची वाहतूक, खोके, कंप्रेसर सगळं मिळून त्याच्या जवळपास पण जात नाही.

वही उघडली. १५ एप्रिल. "६५ चा बार, फिनिश ५७, एवढं कशाला?" ३ महिने ही ओळ माझ्याकडे होती.

लगेच फोन केला. काका म्हणाले मॅडम मी ६ वर्षं सांगतोय, परचेसची माणसं बदलतात, प्रत्येक जण फक्त रेट विचारतो. मी विचारलं ६० चा चालेल? म्हणाले आरामात, दोन पास कमी होतील, चिपचे पैसे थोडे कमी येतील पण इन्सर्ट (कापायचं पातं) आणि लाइट जास्त वाचेल.

५ ऑगस्ट, मंगळवार
६० चा बार: ३६०० भागिले १६२, २२.२२ किलो, तुकडा १.२८९. पिसामागे २२४ ग्रॅम वाचणार, महिन्याला २ टन स्टील, ५ टन कार्बन. मिल्क रनच्या आठपट, आणि त्यासाठी एकही गाडी, एकही बिन विकत घ्यायचं नाही, ड्रॉइंगवरचा एक आकडा बदलायचा. चिप भट्टीत परत जाते हे खरं, ती वाया जात नाही, पण ती परत वितळवायला परत वीज लागते आणि आपण विकत तर पूर्ण बार घेतो.

डिझाइनला विचारलं ६५ का होता. जुन्या फाइल काढल्या. पूर्वी ह्या गिअरला कॉलर होती, ६१ ची, तिच्यासाठी ६५. कॉलर काढून टाकली, रॉ मटेरियलची ओळ तशीच राहिली. कोणाची चूक म्हणायची, कोणाचीच नाही, ती ओळ कोणी वाचतच नव्हतं.

२० ऑगस्ट, बुधवार
२०० पीसची ट्रायल. १९७ चांगले, ३ पिसांवर काळं राहिलं, नखाएवढा रोल्ड कातड्याचा डाग एका बाजूला. काळजी वाटली. पण तिन्ही पीस एकाच मशीनचे निघाले, दुसऱ्या मशीनवर एकही नाही. डायल लावला तर चकच बाहेर फिरत होता. ६५ च्या बारमध्ये ते लपून जायचं, ६० मध्ये लपत नाही. चकचे जॉ (पकडणारे जबडे) परत बोर केले, अजून १०० मारले, शून्य. मिलकडून बार घेताना डाया आणि ओव्हॅलिटीची (गोलाईतल्या फरकाची) टॉलरन्स पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) लिहायची, ही नवी अट.

गणपतीआधी कस्टमरला बदलाची नोटीस गेली पाहिजे.

१६ सप्टेंबर, मंगळवार
हॉबिंग (दाते कापणं), हीट ट्रीटमेंट, सगळं होऊन रिपोर्ट आला, डिस्टॉर्शन जुन्याइतकंच. जर्मनीकडून मंजुरी आली, त्यांनी उलट विचारलं की अजून किती पार्टमध्ये असं करता येईल.

पैशाचं ठरवताना परत वाद. आमचा रेट इनपुट वेटवर (लागणाऱ्या बारच्या वजनावर) असल्याने बार कमी झाला की रेट आपोआप कमी होतो, चिपची रक्कम वजा करून पीसमागे पावणेबारा रुपये कंपनीचे वाचतात, महिन्याला लाखाच्या वर. कल्पना काकांची आणि पूर्ण फायदा आपला हे मला पटत नव्हतं. एक वर्ष पीसमागे ३ रुपये काकांना, हे प्लँट हेडने सही करून दिलं. फायनान्सला सांगितलंय की वेंडर छोटा उद्योग आहे, पैसे ४५ दिवसांच्या आत गेलेच पाहिजेत, एक दिवस उशीर नको.

त्या नाल्यावाल्याकडे पण आज गेले, न सांगता. गटार कोरडं होतं. टाकीवर तेल काढायचा बेल्ट लावलाय स्वतःच्या खर्चाने.

१ ऑक्टोबर, बुधवार
खंडेनवमी. काकांनी बोलावलं होतं. मशीन धुवून पुसून, चकला झेंडूची माळ, बँडसॉला हळद-कुंकू. कंप्रेसरलाही माळ होती. पॅकिंगच्या ताईंनी एक निळा बिन स्वच्छ करून त्यात प्रसादाचे पेढे ठेवले होते, नंबर ११७, झाकण लावलेलं. पट्टा घालणाऱ्या ताईंनी पट्टा काढलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या अधूनमधून लागतो, रोज नाही.

१३ ऑक्टोबर, सोमवार
६० च्या बारचा पहिला रेग्युलर लॉट आज इनवर्ड झाला, ३६० पीस, रिजेक्शन शून्य. बिन मोजणी: १८० पैकी १७१ हातात, ५ आमच्याच लाइनवर दुसऱ्या पार्टला वापरलेले सापडले, ४ चा पत्ता नाही.

मिलला पत्र गेलं, त्यांच्या बारचा टनामागचा कार्बनचा त्यांचा स्वतःचा आकडा द्या, सरासरीवर किती दिवस काढायचे. हीट ट्रीटमेंटवाल्याच्या भट्टीला वेगळा मीटर लागला, पहिलं रीडिंग दिवाळीनंतर.

टर्निंगची एकूण ४१ ड्रॉइंग आहेत. रॉ मटेरियलची ओळ आणि फिनिश डाया शेजारी शेजारी लिहून यादी काढली, १४ ठिकाणी फरक ५ मिमीच्या वर आहे. उद्या यादी घेऊन तळवड्याला, मशीनवर उभ्या असणाऱ्या माणसाला दाखवायला.